लुप्त चित्रखंड आणि चिकित्सक पाठ : चित्रपटांच्या पुनर्रचनेविषयी काही विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

प्राचीन ग्रंथाच्या अभ्यासाचा आरंभ त्याच्या संहितेच्या निश्चितीपासून होतो, हे साहित्याच्या अभ्यासकाला वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. उपलब्ध प्रतींची जमवाजमव, त्यांच्या शाखांचा निर्णय, पाठभेदांची नोंद, प्रक्षिप्त भागाचा निर्देश आणि अखेर संपादित पाठाची सिद्धी हा क्रम आपल्या परिचयाचा आहे. चित्रपट मात्र आपण अशा दृष्टीने पाहत नाही. पडद्यावर जे दिसते तोच चित्रपट, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः जुन्या चित्रपटांपैकी फारच थोडे त्यांच्या मूळ स्वरूपात आपल्यापर्यंत आले आहेत. काही पूर्णतः नष्ट झाले, काहींची एखाददुसरी रिळे उरली, तर काही निर्मात्यांनी वा वितरकांनी कापून टाकलेल्या स्वरूपातच टिकले.

अशा चित्रपटांतील हरवलेला भाग मिळविण्याचे, आणि तो मिळत नसल्यास अन्य साधनांच्या आधारे उभा करण्याचे प्रयत्न गेल्या काही दशकांत जगभर झाले आहेत. या प्रयत्नांना पाठचिकित्सेचे नियम कितपत लागू पडतात, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. चित्रपटाची पुनर्रचना हे मूलतः संपादनकार्य आहे. म्हणून संपादकाने आपला हात जेथे लागला ती जागा वाचकाला दाखविली पाहिजे, हा नियम येथेही तितकाच बंधनकारक आहे, असे लेखाचे प्रतिपादन आहे.

सोयीसाठी तीन संज्ञा प्रथमच वेगळ्या करून घेऊ. हरवलेली चित्रफीत प्रत्यक्ष सापडणे हा पुनर्लाभ. सापडलेले तुकडे, स्थिरचित्रे, पटकथा, संगीताची लिपी इत्यादी साधनांवरून मूळ क्रम व मूळ घडण मांडणे ही पुनर्रचना. मुळात शिल्लक नसलेले दृश्य नव्याने तयार करणे ही पुनर्निर्मिती. व्यवहारात या तिन्हींची सरमिसळ होते. तीच बहुतेक गोंधळाच्या मुळाशी आहे.

२. चित्रफीत का हरवते

चित्रपटकलेच्या पहिल्या अर्धशतकात फिल्मचा पट्टा नायट्रोसेल्युलोजचा असे. हा पदार्थ अत्यंत ज्वालाग्राही आहे. न जळताही तो काळाच्या ओघात आक्रसतो, चिकट होतो आणि शेवटी त्याची भुकटी होते. १९५० च्या सुमारास सुरक्षित पट्ट्याने त्याची जागा घेतली; पण तोवर असंख्य प्रती नष्ट झाल्या होत्या. त्यात भर पडली ती व्यावसायिक उदासीनतेची. बोलपट आल्यावर मूकपटांना बाजारभाव उरला नाही. फिल्मवरील चांदी काढून घेण्यासाठी जुनी रिळे भंगारात गेली. गोदामातील जागा मोकळी करण्यासाठीही ती नष्ट करण्यात आली.

आपल्याकडील परिस्थिती विशेष दुःखद आहे. भारतात तेराशेहून अधिक मूकपट निर्माण झाले असे मानले जाते. त्यांपैकी पूर्ण वा तुकड्यांच्या स्वरूपात उरलेल्यांची संख्या काही डझनांच्या पलीकडे जात नाही. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात झळकलेल्या ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत ज्ञात नाही. नारायण हरी आपटे यांच्या कथेवर आधारलेला बाबूराव पेंटर यांचा ‘सावकारी पाश’ हा १९२५ चा मूकपट, ज्यात व्ही. शांताराम यांनी तरुण शेतकऱ्याची भूमिका केली होती, तोही उपलब्ध नाही. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले. म्हणजे फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटानंतर अर्धशतकाहून अधिक काळ लोटल्यावर हे जतनकार्य सुरू झाले. पुढे जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागून त्यातीलही बरेच काही गेले.

३. ‘मेट्रोपोलिस’ : शाखा, साक्षी आणि गाळलेला हेतू

पुनर्रचनेची पद्धती समजून घेण्यासाठी फ्रिट्झ लांग या जर्मन दिग्दर्शकाचा ‘मेट्रोपोलिस’ हा मूकपट सर्वांत उद्बोधक ठरतो. १० जानेवारी १९२७ रोजी बर्लिनमध्ये तो प्रथम दाखविण्यात आला. त्या वेळी त्याची लांबी ४,१८९ मीटर होती. काही महिन्यांतच त्याचा सुमारे चतुर्थांश भाग कापण्यात आला. अमेरिकेतील प्रदर्शनासाठी चॅनिंग पोलॉक या नाटककाराने त्याची नवी, आटोपशीर मांडणी केली. मूळ कथानकात रोटवांग हा संशोधक आणि फ्रेडरसन हा नगराचा अधिपती यांच्यातील वैराचे कारण हेल नावाची मृत स्त्री आहे. रोटवांगचे तिच्यावर प्रेम होते. ती फ्रेडरसनची पत्नी झाली. तिचे नाव इंग्रजीतील नरकवाचक शब्दासारखे ऐकू येते म्हणून पोलॉकने तिचा उल्लेखच वगळला. परिणामी रोटवांग यंत्रमानव का घडवितो, याचे कारण कथेतून नाहीसे झाले. लेखनिकाने न समजलेला शब्द बदलावा आणि पुढील सर्व प्रतींत अर्थच फिरावा, असा हा प्रकार आहे.

या चित्रपटाची तीन निगेटिव्ह तयार झाली होती : एक जर्मनीसाठी, एक अमेरिकेतील कंपनीसाठी आणि एक अन्य देशांतील वितरणासाठी. एकच प्रसंग निरनिराळ्या कॅमेऱ्यांनी किंवा निरनिराळ्या वेळी टिपलेला असल्याने तिन्हींतील चित्रे तंतोतंत सारखी नाहीत. हस्तलिखितांच्या भाषेत सांगायचे तर या तीन शाखा होत. एका शाखेतील तुटलेला भाग दुसरीतून भरून काढता येतो; पण तसे करताना संपादक मिश्र पाठ तयार करीत असतो, याचे भान त्याने ठेवावे लागते.

चित्रफितीखेरीज अन्य साक्षीही महत्त्वाच्या ठरल्या. जर्मन सेन्सॉरच्या नोंदीत मूळच्या सर्व अक्षरपाट्यांचा मजकूर होता. थेआ फॉन हार्बू यांची पटकथा होती. स्थिरचित्रांचे संग्रह होते. गॉटफ्रीट हुप्पर्ट्‌झ यांनी चित्रपटासाठी रचलेल्या संगीताच्या लिपीत तर कोणत्या स्वरावर कोणते दृश्य यावे, याच्या हजाराहून अधिक सूचना होत्या. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या संपादकांनी देवबोधासारख्या जुन्या टीकाकाराचा, क्षेमेंद्राच्या संक्षेपाचा आणि तेलुगू व जावानी रूपांतरांचा जो उपयोग केला, त्याच्याशी या साक्षींचे नाते सहज जुळते. टीका म्हणजे मूळ ग्रंथ नव्हे. पण टीकाकाराच्या पुढ्यात कोणता पाठ होता हे ती सांगते. त्याचप्रमाणे संगीतलिपी म्हणजे चित्र नव्हे. पण चित्रांचा क्रम आणि त्यांची लांबी तिच्यावरून कळते.

म्युनिकच्या चित्रपट संग्रहालयात एन्नो पाटालास यांनी अशा साधनांवरून १९८७ मध्ये एक पुनर्रचना सिद्ध केली. मुर्नाऊ प्रतिष्ठानने २००१ मध्ये मार्टिन कोर्बर यांच्या देखरेखीखाली दुसरी पुनर्रचना केली. तिच्यात हरवलेल्या प्रसंगांच्या जागी त्यांचे वर्णन करणाऱ्या पाट्या घातल्या होत्या. नंतर २००८ मध्ये ब्युनॉस आयर्सच्या चित्रपट संग्रहालयात १६ मिलिमीटरची एक प्रत उजेडात आली. १९२८ मध्ये अर्जेंटिनात नेलेल्या दीर्घ प्रतीवरून पुढे ती उतरवून घेण्यात आली होती. तिच्यामुळे सुमारे पंचवीस मिनिटांचा भाग परत मिळाला आणि हेलच्या स्मारकाचा प्रसंगही त्याबरोबर आला. पुनर्रचनाकारांनी अनुमानाने मांडलेल्या क्रमाला प्रथमच एका दीर्घ प्रतीची प्रत्यक्ष कसोटी मिळाली.

ही प्रत अतिशय खराब होती. मूळ ३५ मिलिमीटरच्या प्रतीवरील ओरखडे छोट्या प्रतीतही चित्राबरोबरच उतरले होते आणि चौकटीच्या कडाही छाटल्या गेल्या होत्या. २०१० च्या आवृत्तीत संपादकांनी हा भाग शक्य तितका स्वच्छ केला. मात्र तो उर्वरित चित्रपटाइतका चकचकीत दाखविण्याचा आग्रह धरला नाही. छाटलेल्या कडांच्या जागी काळी पट्टी तशीच ठेवली. मठवासीयाचे प्रवचन आणि रोटवांग-फ्रेडरसन यांची झटापट हे प्रसंग अद्याप मिळालेले नाहीत. त्यांचे निवेदन वेगळ्या वळणाच्या अक्षरांतील पाट्यांनी केले आहे. त्यामुळे कोणते चित्र कोणत्या प्रतीतून आले आणि काय अजून हरवलेलेच आहे, हे प्रेक्षकाला कोणी न सांगता कळते.

४. नागमोडी रेघ

या काळ्या पट्टीला आपल्या परंपरेत एक समर्पक जोड आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ मध्ये आरंभिलेली आणि १९६६ मध्ये पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १,२५९ हस्तलिखितांच्या आधारे सिद्ध झाली. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी आदिपर्वाच्या १९३३ च्या प्रस्तावनेत संपादनाची तत्त्वे मांडली. या आवृत्तीत जो पाठ संपादकाला पुरेसा निश्चित वाटला नाही त्याच्या खाली नागमोडी रेघ दिलेली आढळते. ज्या श्लोकांना पुरेसा हस्तलिखिताधार नाही ते फेकून न देता तळटीपांत वा परिशिष्टांत नोंदविले आहेत. एखाद्याला संपादकाचा निर्णय अमान्य असेल, तर त्याच आवृत्तीतील सामग्रीवरून तो वेगळा निर्णय घेऊ शकतो. चिकित्सक आवृत्तीचा खरा अधिकार या उघडेपणात आहे.

मराठीत ही जाणीव त्याहून जुनी आहे. एकनाथांनी शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४, मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढील काळात कोणी स्वतःच्या ओव्या तीत मिसळू नयेत असे निक्षून बजावले. येथे लक्षात घ्यावयास हवे की एकनाथ स्वतः सामर्थ्यशाली कवी होते. उणी भासलेली ओवी रचून घालणे त्यांना मुळीच अवघड नव्हते. म्हणूनच त्यांचा संयम संपादनशास्त्राच्या दृष्टीने मोलाचा ठरतो. मूळ रचनेशी बेमालूम मिसळेल असे लिहिण्याची ज्याची क्षमता अधिक, त्याच्यावरील न लिहिण्याची जबाबदारीही अधिक.

५. पुनर्निर्मितीचा मोह : ‘द मॅग्निफिसंट अँबरसन्स’

पुनर्निर्मितीचा प्रश्न ऑर्सन वेल्स यांच्या ‘द मॅग्निफिसंट अँबरसन्स’ या १९४२ च्या अमेरिकन चित्रपटाच्या संदर्भात तीव्रतेने उभा राहतो. वेल्स दुसऱ्या चित्रपटाच्या कामासाठी ब्राझीलमध्ये असताना निर्मितीसंस्थेने सुमारे १३१ मिनिटांचा हा चित्रपट ८८ मिनिटांवर आणला. मूळ शेवट एका खाणावळवजा वसतिगृहातील उदास भेटीचा होता. त्याऐवजी रुग्णालयाच्या मार्गिकेतील आशादायक शेवट दुसऱ्याच व्यक्तीकडून चित्रित करवून जोडण्यात आला. आपल्या संगीतात झालेली काटछाट पाहून बर्नार्ड हर्मन यांनी श्रेयनामावलीतून आपले नाव काढावयास लावले. कापलेला भाग नष्ट करण्यात आला. वेल्सकडे ब्राझीलला पाठविलेल्या प्रतीचा शोध पुढे अनेकांनी घेतला. ती हाती आलेली नाही.

पाठचिकित्सेच्या दृष्टीने पाहता येथे दोन्ही दोष एकत्र आले आहेत : मध्ये लोप आणि शेवटी प्रक्षेप. रूढ पाठात प्रक्षिप्त शेवट मुख्य संहितेत बसला आहे आणि मूळ शेवट केवळ कागदावर उरला आहे. मूळ जुळवणीची दृश्यवार नोंद आणि बरीच स्थिरचित्रे उपलब्ध असल्यामुळे अभ्यासक मूळ घडणीचा बराच अंदाज बांधू शकतो. या साधनांवरून आरेखनांच्या साहाय्याने हरवलेला भाग मांडण्याचे प्रयत्न झाले. २०२५ मध्ये एका अमेरिकन कंपनीने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने ती हरवलेली सुमारे ४३ मिनिटे नव्याने घडविण्याचा मनोदय जाहीर केला. वेल्स यांच्या वारसांकडून त्यावर नापसंती व्यक्त झाली.

अशा पुनर्निर्मितीच्या बाजूने एक युक्तिवाद होऊ शकतो आणि तो गांभीर्याने घ्यावयास हवा. ग्रंथसंपादकही सर्व प्रती भ्रष्ट असतील तेथे अनुमानाने पाठ सुचवितोच. मग चित्रसंपादकाने तसे का करू नये? याचे उत्तर माध्यमाच्या स्वभावात आहे. अनुमित शब्द हा भाषेचा शब्द असतो. तो कवीने वापरला असण्याचा संभव तपासता येतो. छंद, व्याकरण आणि ग्रंथकाराची शैली या कसोट्या त्याला लावता येतात. चित्रपटातील दृश्य मात्र विशिष्ट नटाने विशिष्ट क्षणी केलेली कृती असते. अ‍ॅग्नेस मूरहेड यांनी त्या शेवटच्या प्रसंगात मान कशी वळविली, कोणत्या शब्दावर त्या थांबल्या, हे कोणत्याही नोंदपत्रकात असू शकत नाही. तेथे जे घडविले जाईल ते कोणीही कधीच न केलेला अभिनय असेल. शिवाय छापील पानावर अनुमित शब्दाखाली रेघ ओढता येते, चालत्या चित्राखाली ती आपोआप उमटत नाही. उलट नव्या तंत्राचे सारे कौशल्य जोड अदृश्य करण्यात खर्च होते. ग्रंथसंपादनात जो दोष मानला जातो तोच येथे गुण म्हणून मिरविला जातो.

याचा अर्थ रिकाम्या जागेपुढे हात जोडून बसावे असा नाही. जॉर्ज क्यूकर यांचा ‘अ स्टार इज बॉर्न’ हा १९५४ चा चित्रपट प्रथम १८१ मिनिटांचा होता, पुढे तो १५४ मिनिटांवर आणण्यात आला. रोनाल्ड हेव्हर यांना शोधाअंती मूळ ध्वनिपट्टी मिळाली. पण काही प्रसंगांची चित्रे मिळाली नाहीत. १९८३ च्या आवृत्तीत त्यांनी तेथे मूळ ध्वनीच्या जोडीला स्थिरचित्रे ठेवली. प्रेक्षकाला संवाद ऐकू येतात, पात्रे दिसतात, पण हालचाल थांबलेली असते. प्रसंगाचा आशय कळतो आणि तो हरवलेला आहे हेही कळते. अशी पुनर्रचना प्रेक्षकाची फसवणूक करीत नाही.

याउलट सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीच्या बाबतीत झाले ते प्रामुख्याने पुनर्लाभाचे कार्य होय. १९९३ मध्ये लंडनमधील आगीत या चित्रपटांच्या मूळ निगेटिव्हना झळ लागली. बोलोन्याच्या प्रयोगशाळेत करपलेल्या, ठिसूळ झालेल्या पट्ट्यांना ओलावा देऊन त्यांतील वापरता येण्याजोगा भाग वाचविण्यात आला. उरलेला भाग अन्य प्रतींतून घेतला गेला आणि २०१५ मध्ये नवी आवृत्ती लोकांसमोर आली. येथे एकही दृश्य कल्पनेने घडवावे लागले नाही; प्रतींची निवड मात्र करावी लागली.

६. ‘राजा हरिश्चंद्र’ : कोणता पाठ?

हा विचार आपल्या सर्वांत परिचित उदाहरणाला लावून पाहू. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईतील कॉरोनेशन चित्रपटगृहात लोकांसाठी प्रदर्शित झाला. तो चार रिळांचा, सुमारे ३,७०० फूट लांबीचा होता. आज त्याचे पहिले आणि शेवटचे रीळ राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहे, असे सर्वत्र सांगितले जाते. राजा रोहितला धनुर्विद्या शिकवीत आहे, हा आरंभीचा प्रसंग अनेकांनी पाहिलेला असतो. तथापि फाळक्यांनी १९१७ मध्ये हेच कथानक ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्र’ या नावाने पुन्हा चित्रित केले होते, आणि उपलब्ध रिळे या दुसऱ्या चित्रपटाची आहेत, असे काही चित्रपट-इतिहासकारांचे मत आहे.

हा वाद केवळ तारखेचा नाही. रिळे १९१३ ची असतील तर एका कृतीचा खंडित पाठ आपल्या हाती आहे. ती १९१७ ची असतील तर पहिली कृती संपूर्णतः लुप्त आहे आणि आपण पाहतो ती कर्त्याने स्वतःच सिद्ध केलेली दुसरी आवृत्ती होय. मधल्या चार वर्षांत फाळके इंग्लंडला जाऊन आले होते, आणखी चित्रपट त्यांच्या हातून झाले होते. चौकट, प्रकाश, नटांची हालचाल यांवरून ‘भारतीय चित्रपटाच्या आरंभीची शैली’ म्हणून आपण जी विधाने करतो, त्यांचा आधारच अशा स्थितीत सरकतो. ग्रंथकाराने स्वतः केलेला फेरफार हा अपपाठ नव्हे, हे खरे. पण दुसऱ्या आवृत्तीवरून पहिलीविषयी अनुमान करताना जी सावधगिरी आपण कवितासंग्रहांच्या बाबतीत बाळगतो, ती येथेही आवश्यक आहे. ‘सावकारी पाश’बाबतही हेच म्हणता येईल. बाबूराव पेंटर यांनी १९३६ मध्ये तो बोलपट म्हणून पुन्हा केला. तो बोलपट १९२५ च्या मूकपटाची प्रत नव्हे, ती स्वतंत्र कृती आहे. आपटे यांची कथा दोहोंच्या मागे असली, तरी एकीतील दृश्यांवरून दुसरीतील दृश्ये सिद्ध होत नाहीत.

‘राजा हरिश्चंद्र’ची मधली दोन रिळे आजच्या यंत्रांच्या साहाय्याने ‘पूर्ण’ करण्याची कल्पना उद्या कोणालाही सुचू शकेल. कथा सर्वांना ठाऊक आहे, नटांचे चेहरे उपलब्ध आहेत, रविवर्म्याच्या चित्रांचा नमुनाही समोर आहे. परंतु ठाऊक असलेली कथा आणि फाळक्यांनी घडविलेली दृश्ये यांत अंतर आहे. तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुष नटाने केली होती. विक्रीच्या आणि स्मशानाच्या प्रसंगात त्यांनी नाट्यपरंपरेतील किती घेतले आणि कॅमेऱ्यासाठी किती सोडले, हाच तर नाट्य आणि चित्रपट यांच्या संधिकाळाविषयीचा कळीचा प्रश्न आहे. यंत्राने भरलेले रीळ या प्रश्नाचे उत्तर देणार नाही. ते प्रश्नच बुजवून टाकील.

७. अध्यापनाच्या दृष्टीने

वरील विवेचनातून महाविद्यालयीन अध्यापकाला उपयोगी पडतील असे काही नियम हाती येतात. जुना चित्रपट वर्गात दाखविताना तो कोणत्या साली, कोणी सिद्ध केलेली आवृत्ती आहे, तिची लांबी मूळ लांबीच्या तुलनेत किती आहे, हे प्रथम सांगावे. पुनर्रचित भाग आणि मूळ भाग यांतील फरक पडद्यावर दिसत नसेल, तर तो तोंडी दाखवून द्यावा. लुप्त चित्रपटांच्या बाह्य साक्षी, म्हणजे जाहिराती, गीतपुस्तिका, समकालीन परीक्षणे, मूळ कथा-कादंबऱ्या, यांचा संग्रह आणि सूची करणे हे मराठी विभागांच्या आवाक्यातले आणि त्यांच्या अधिकारातलेही कार्य आहे. चित्रफीत जतन करणे संग्रहालयाकडे आहे. तिच्याभोवतीचा छापील मजकूर आपल्या ग्रंथालयांत पडून आहे. ‘मेट्रोपोलिस’च्या बाबतीत जे काम सेन्सॉरच्या नोंदींनी आणि संगीतलिपीने केले, ते आपल्या लुप्त चित्रपटांबाबत या मजकुराकडून होऊ शकेल. आणि एखादे दिवशी एखादे रीळ कोठे सापडलेच, तर ते ओळखण्याची साधने तयार असतील.

हरवलेल्या जागेविषयी हळहळ वाटणे स्वाभाविक आहे. ती कशानेतरी भरावी असे वाटणेही स्वाभाविक आहे. परंतु जी रिकामी जागा रिकामी म्हणून नोंदविली आहे, तेथेच नव्या पुराव्याला स्थान मिळते. ‘मेट्रोपोलिस’मधील ती दृश्ये आधीच कोणी बेमालूम घडवून ठेवली असती, तर ब्युनॉस आयर्सच्या त्या ओरखडलेल्या प्रतीचे महत्त्व ओळखणे कितीतरी अवघड झाले असते. संपादकाने ओढलेली नागमोडी रेघ त्याच्या अज्ञानाची खूण असते, आणि त्याच्यानंतर येणाऱ्या अभ्यासकासाठी उघडे ठेवलेले दारही असते.